पाणी मागणारा कॉम्प्युटर

धर्माजीच्या नातीचं लग्न झालं ते साल दोन हजार नऊ. धर्माजी माझा थोरला भाऊ. लग्न मोठं झालं, म्हणजे जेवणं उशिरा झाली आणि मानाचे पावणे रुसले. पण गावाला त्या लग्नाची आठवण राहिली ती व्हिडिओवाल्यामुळे. त्यानं भावकीत घरटी एक अशा लग्नाच्या सीड्या वाटल्या. निरगुडसरला आमच्या आळीत सीडी लावायचं यंत्र कोणाकडे आहे, हे त्यानं विचारलं नव्हतं. लोकांनी सीडी उलटसुलट करून बघितली, तिच्यात आपलं तोंड बघितलं, टोपी सारखी केली आणि ती खुंटीला अडकवून टाकली.

पोळ्याच्या सुमाराला बाजरी दाण्यात आली. माझ्या बायकोनं, प्रयागबाईनं, घरोघर फिरून त्या सगळ्या सीड्या गोळा केल्या आणि शेतात दोऱ्या ताणून बाजरीवर टांगल्या. ऊन पडलं की सीडी चमकते, वाऱ्यानं फिरते, पाखरू बिचकतं. आमच्या लहानपणी माळ्यावर उभं राहून दिवसभर गोफण फिरवावी लागे, घसा बसे. आता नवरानवरी हार घालून गरगर फिरत होते आणि पाखरं पळत होती. धर्माजीला ते लागलं. "लेकराचं लगीन पाखरांना दाखवता व्हय?" म्हणाला. प्रयागबाई म्हणाली, "पाखरं तरी बघत्यात. मानसांनी कुठं बघितलं?"

ती अशी बोलणारी बाई. आमच्या घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे आणि ऐकण्याचं माझ्याकडे होतं.

गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. मंचरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पितरपाट सुरू झाला होता. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त सांगता येत नाही. "तिला मागायला लावा," असं त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं. "काय पाहिजे ते तिचं तिनं मागितलं पाहिजे. आजारी माणसानं मागणं सोडलं, की ते खाणंपिणंही सोडतं."

हे ऐकून मी घरी आलो तो डोक्यावर घागर घेऊन आल्यासारखा. प्रयागबाई डाव्या हातानं काही खुणावायची, "आ… आ…" करायची, आणि आम्ही घरातली एकेक वस्तू उचलून तिला दाखवायचो. तांब्या? नाही. गोधडी? नाही. पाट? अहो, पाट कशाला? पण घाबरलेला माणूस पाटही दाखवतो. शेवटी ती डोळे मिटून घ्यायची आणि मी देव्हाऱ्याकडे बघायचो.

शेजारी हौशीराम राहतो. तो गावातल्या मोटारींची आणि लाईटची कामं करतो आणि न बोलावता येतो. तो म्हणाला, "गेणूभाऊ, लई सोपं हाय. वहिनींच्या उशाला बेलचं बटण लावतो. दाबलं का वाजलं."

"वाजल्यावर काय?" माझी नात हर्षाली म्हणाली. ती तेव्हा नववीत होती. "आजीला काहीतरी पाहिजे हे आत्ताबी कळतंय. काय पाहिजे ते कुठं कळतंय?"

हौशीराम गप्प बसला. ही त्या वर्षातली मोठी घटना.

हर्षालीकडे कॉम्प्युटर होता. तिच्या बापानं, माझ्या आदेशनं, तो मंचरच्या प्रितमच्या दुकानातून जुना आणला होता. प्रितम मारवाडी घरातला, त्याच्या आजोबांपासून आमचा घरोबा. कॉम्प्युटरबरोबर त्यानं मुलांनी शिकायचा एक प्रोग्रॅम घालून दिला होता. त्यात लिहायचं काही नाही. पडद्यावर रंगीत ठोकळे असतात, ते एकाखाली एक जोडायचे. 'बटण दाबलं की' हा एक ठोकळा, 'आवाज काढ' हा दुसरा. ठोकळ्याला ठोकळा चिकटला की कॉम्प्युटर ऐकतो. मी पन्नाशी गाठल्यावर साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेला माणूस. 'ळ' काढताना माझ्या कपाळाला घाम यायचा. हे ठोकळे बघून मला मनापासून राग आला होता.

त्याच खोक्यात तळहाताएवढी एक हिरवी पाटी होती, तारा जोडायची. पाटी कॉम्प्युटरला जोडली, आणि पाटीला बटणं जोडली, की बाहेरचं बटण दाबून आतले ठोकळे हलवता येतात. हर्षालीनं ठरवलं की पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवायची. तांब्याच्या चित्राखाली एक बटण, बादलीच्या चित्राखाली दुसरं, कुशीवर वळलेल्या बाईच्या चित्राखाली तिसरं. आजीनं तांब्या दाबला की कॉम्प्युटर बोलणार, "आजीला पाणी पाहिजे." तिनं स्वतःच्या आवाजात ते भरूनही ठेवलं. हौशीरामनं कर्णा आणून जोडला. गोठ्यात असलो तरी मला ऐकू यावं म्हणून कर्णा. हौशीराम ह्या कामात आपलाही हात लागावा म्हणून टपूनच बसलेला होता.

मग पाटी जोडली. कॉम्प्युटरनं टुंग केलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली. हर्षालीनं वाचून सांगितलं, "आबा, नवीन वस्तू सापडली म्हणतोय."

आम्हाला बरं वाटलं. सापडली म्हणजे निम्मं काम झालं.

जरा वेळानं परत टुंग. "आता म्हणतोय, ही वस्तू कोण आहे ते ठाऊक नाही. तिचा ड्रायव्हर नाही."

ड्रायव्हर म्हणजे गाडीचा नव्हे, एवढं मला कळत होतं. त्यावरचा विनोद हौशीरामनं लगेच केला, तो गावात अजून चालू आहे, मी इथे देत नाही. ड्रायव्हर म्हणजे ह्या पाटीची कॉम्प्युटरला ओळख करून देणारा मध्यस्थ. तो नसला तर दोघं समोरासमोर बसतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. हे मला समजायला फार वेळ लागला नाही. मी आणि प्रयागबाई तसेच बसलो होतो.

ड्रायव्हर एका सीडीत होता. सीडीचं कागदी पाकीट खोक्यात होतं. सीडी नव्हती.

घर उलटंपालटं केलं. कणगीत हात घातला, देव्हारा हलवला, सुनेची पेटी उघडली म्हणून सून फुगली. हर्षाली रडकुंडीला आली. हे सगळं प्रयागबाई बाजेवरून बघत होती. हर्षालीनं रिकामं पाकीट हलवून "सीडी कुठं गेली गं?" असं स्वतःशीच म्हटलं, आणि प्रयागबाई जोरात "आ… आ…" करायला लागली. डावा हात खिडकीकडे. खिडकीतून दिसत होती बाजरी.

आम्ही खिडकी लावली. हात तिकडेच. आम्ही खिडकी उघडली. हात तिकडेच. सुनेनं विचारलं, "गाय सुटली का?" मी पळत जाऊन गाय बघून आलो. गाय जागेवर होती आणि माझ्याकडे बघत होती. परत आलो तर प्रयागबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलेलं. त्या दिवशी तिनं पेजही घेतली नाही. डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात वाजायला लागले. मी गोठ्यात जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी एसटीनं मंचर गाठलं. प्रितम म्हणाला, "गेणूकाका, चिंता नको. कंपनीला फोन लावू." फोनमधून गाणं लागलं. गाणं संपलं आणि एक बाई हिंदीत म्हणाली की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग परत गाणं. दुकानातलं एक गिऱ्हाईक येऊन माल घेऊन गेलं तरी गाणं चालूच. मग माणूस आला. तो म्हणाला, ड्रायव्हर पाटीसोबतच्या सीडीत असतो.

"ती सीडी हरवली, म्हणून तर फोन केलाय."

मग तक्रार नोंदवा. तक्रार नोंदवायला नंबर लागतो. तो नंबर कुठे असतो? सीडीवर.

प्रितमनं फोन ठेवला आणि माझ्यासाठी चहा सांगितला. कंपनीनं ती पाटी बनवणंच आता बंद केलंय, असं त्याला दुसऱ्या एका दुकानदारानं सांगितलं. तरी त्यानं इंटरनेटवर शोधून तसल्याच दुसऱ्या पाटीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये घालून दिला. "चाललं तर चाललं," म्हणाला. पेनड्राइव्ह मी बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि परतीच्या एसटीत त्यावर हात ठेवून बसलो. शेजारच्या बाईनं विचारलं, "पावनं, छातीत दुखतंय का?" मी हो म्हणालो. खोटं नव्हतं.

ड्रायव्हर घातला. लाईट गेली. लाईट आली. परत घातला. कॉम्प्युटरनं ह्या वेळी पाटी ओळखली, पण कोणीतरी भलतीच समजून. बटणाला बोटही न लावता कर्ण्यातून आवाज आला, "आजीला पाणी पाहिजे." प्रयागबाईनं मान हलवली, नको. "आजीला पाणी पाहिजे. आजीला पाणी पाहिजे. आजीला पाणी पाहिजे."

हर्षालीनं तार उपटली, तरी आत भरलेलं संपेना. आळीतली माणसं गोळा झाली. माझी भावजय भागूवहिनी हंडा घेऊनच आली. "पोरी, म्हातारीला पान्याविना मारता का?" असं ती दारातूनच ओरडली. तिच्या मागून कोणी कळशी, कोणी तांब्या. कॉम्प्युटर मागत होता, लोक आणत होते, आणि मधे प्रयागबाई ओठ घट्ट मिटून पडली होती. शेवटी हौशीरामनं मेन स्विच काढला. ओट्यावर भरलेली भांडी राहिली. लोकांनी जाताना माझ्याकडे असं बघितलं की साठ वर्षांची अब्रू त्या हंड्यात बुडाली.

भागूवहिनी मात्र थांबली. प्रयागबाईचा हात परत खिडकीकडे गेला होता. कमी उचलला होता, पण गेला होता. वहिनीनं खिडकीतून बघितलं. बाजरीच्या बांधावर लिंब आहे आणि लिंबाखाली आमचा म्हसोबा. वहिनीनं कपाळाला हात लावला.

"भावजी, तुमच्या डोस्क्यात उजेड कवा पडायचा? म्हसोबाचं काही बोललीया ती. नवस ऱ्हायलाय!"

आणि एकदम सगळं जुळलं. खिडकी, हात, वाचा गेलेली. देवाचं राहिलं म्हणून देवानं जीभ धरली. मी शिकलेला माणूस, वर्तमानपत्र वाचतो, पण त्या घटकेला मला ते इतकं पटलं की मी उभ्याउभ्याच म्हसोबाला हात जोडले. हर्षाली म्हणाली, "आबा, पण आजी सीडीचं नाव काढल्यावर…" तिला सगळ्यांनी गप्प बसवलं.

आता अडचण निघाली पितरपाटाची. धर्माजी म्हणाला, "पितरपाटात नवस फेडत न्हाईत. कोंबडं तर न्हाईच न्हाई. पितरं आन् म्हसोबा एका पंगतीला बसवता का?" वहिनी म्हणाली, दसऱ्यापर्यंत थांबलं तर बाई थांबंल का? त्यावर भावकी बसली. एकानं सुचवलं की म्हसोबाला विचारू. कसं, ते त्याला सांगता आलं नाही. शेवटी असं ठरलं की आत्ता गोडाचा नैवेद्य दाखवायचा आणि कोंबड्याचा वायदा दसऱ्यानंतरचा करायचा. देवाला तारीख पुढे ढकलून मागायची ही सवय आम्हाला तालुक्याच्या कचेरीनं लावली आहे.

पुरणपोळी झाली. नवस जिचा, ती समोर पाहिजे म्हणून चौघांनी प्रयागबाईची बाज उचलली. बाज अंगणातून शेताकडे वळली आणि प्रयागबाईचा चेहरा एकदम उजळला. डोळे मोठे झाले. ती हसली, अर्ध्या तोंडानं. किती तरी दिवसांनी हसली.

"बघा!" भागूवहिनी म्हणाली. "म्हनलं न्हवतं?"

माझे डोळे भरून आले. मी मनात आणखी एक नारळ बोललो.

बाज लिंबाखाली टेकवली. नैवेद्य दाखवला. प्रयागबाई नैवेद्याकडे बघायलाही तयार नव्हती. ती वर बघत होती, आणि "आ… आ…" करत होती. वहिनी म्हणाली, "देवाला बोलवतीया." आम्ही पंगत बसवली. तेवढ्यात मोटारसायकलवरून प्रितम आला. पेनड्राइव्हमध्ये आणखी एक ड्रायव्हर घेऊन आला होता बिचारा. कोंबडं नाही हे कळल्यावर तो निर्धास्त बसला. नेमका लिंबाच्या फांदीसमोर बसला.

"काका," पहिल्या घासाला तो म्हणाला, "डोळ्यांवर काहीतरी येतंय."

फांदीला सीडी होती. वाऱ्यानं फिरायची आणि ऊन थेट प्रितमच्या डोळ्यांत. तो सरकला, शेजारचा सरकला, सगळी पंगत सरकली. ऊन पाठोपाठ आलं. प्रितम एका हातानं डोळे झाकून दुसऱ्या हातानं जेवत होता आणि मला समजावत होता की हा ड्रायव्हरही बहुतेक चालणार नाही, खरी सीडी मिळाली असती तर प्रश्नच नव्हता. प्रयागबाई बाजेवर डावा हात आपटायला लागली.

"वहिनीस्नी तरास व्हतोय," हौशीराम उठला. "तोडून टाकतो ती." त्यानं सीडीला हात घातला.

प्रयागबाई अशी ओरडली की शेतातली पाखरं उठली.

हर्षालीनं ताट खाली ठेवलं. ती आजीकडे बघत होती. आजी सीडीकडे बघत होती.

"आजी," ती हळू म्हणाली, "ही माझी सीडी हाय?"

प्रयागबाईनं मान डोलावली आणि डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ते डोळे उघडले आणि माझ्याकडे वळले. त्या नजरेला काय म्हणायचं होतं ते समजायला कॉम्प्युटरची गरज नव्हती. मी खाली पुरणपोळीकडे बघितलं.

हौशीराम जवळ जाऊन म्हणाला, "गेणूभाऊ, इतर सीड्यांना सुतळी हाय आन् गाठी मारल्यात. हिला लुगड्याचा काठ हाय. आन् सरगाठ हाय." काठ प्रयागबाईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा. बाजरी निघाली की ओढून सोडायची आणि नातीच्या खोक्यात परत ठेवायची, म्हणून तिनं ती सैल, खुणेची बांधली होती. लिंबाच्या बाजूला एक सीडी कमी पडत होती. घरातली घेतली. सांगायचं राहिलं, तेवढ्यात वारं गेलं.

सीडी काढली. तिच्यावर पाखरांची शीट होती. भागूवहिनी म्हणाली, "आना इकडं, राख लावून लख्ख करते." प्रितम पुरणाच्या हातानं ओरडला, "मावशी, नको!" तो जन्मात एवढा मोठ्यानं बोलला नसेल. त्यानं ती आपल्या स्वच्छ रुमालानं पुसली, फुंकर घालून पुसली. महिनाभर ऊन खाल्लेली सीडी. वर चरे.

आम्ही घरी आलो, बाजेसकट. लाईट नव्हती. वाट बघितली. भागूवहिनीसुद्धा थांबली. लाईट आली. प्रितमनं सीडी आत सारली. कॉम्प्युटर घरघरला, थांबला, मागे गेला, परत घरघरला. मी ती घरघर ओळखत होतो. साक्षरतेच्या वर्गात पहिली ओळ वाचताना माझं असंच व्हायचं. एक अक्षर लागायचं, पुढचं अडायचं, परत पहिल्यापासून. मी खुर्चीच्या मागे उभा राहून मनातल्या मनात त्याला ढकलत होतो. वाच बाबा. सोडू नकोस. वाच.

टुंग.

"ओळखलं," हर्षाली म्हणाली.

तिनं पुठ्ठा आजीच्या डाव्या हाताखाली सरकवला. प्रयागबाईनं तांब्याच्या चित्रावर बोट ठेवलं. कर्ण्यातून आवाज आला, "आजीला पाणी पाहिजे." एकदाच. मी तांब्या घेऊन धावलो आणि निम्मं पाणी वाटेत सांडलं. उरलेलं ती प्यायली.

पुठ्ठ्यावर चौथी जागा रिकामी होती. हर्षालीनं विचारलं, इथं काय बोलायचं? प्रयागबाईनं माझ्याकडे बोट केलं. पोरीनं भरलं, "आबा, या." प्रयागबाईनं मान हलवली. "गेणूभाऊंना बोलवा," हौशीराम म्हणाला. नको. सून हसायला लागली. "अगं, त्या कधी अशी हाक मारतात का?" आणि हर्षालीनं आजीसारखा हेल काढून भरलं, "आवं, ऐकलं का?"

प्रयागबाईनं ते बटण दाबलं. मग परत दाबलं.

त्यानंतर आळीला सुख राहिलं नाही. मी गोठ्यात असो, चावडीवर असो, कर्णा ओरडायचा, "आवं, ऐकलं का?" पोरं रस्त्यात मला तसंच म्हणायची. धर्माजी म्हणायचा, "गेणू, जा, सरकार बोलवतंय." मी धावत यायचो. काय पाहिजे? तांब्या नको, बादली नको, कुशीवर नको. मी आलोय एवढं बघून ती डोळे मिटायची. लाईट नसली की कर्णा गप्प. तेव्हा मी आपणहूनच येऊन बसायचो.

बाजरी थोडी पाखरांनी खाल्ली. कोंबड्याचा वायदा दसऱ्यानंतर पुरा केला. नवस नव्हता हे कळल्यावरही केला, कारण तारीख दिलेली होती.

प्रयागबाई दोन हजार अकरा साली, किंक्रांतीच्या दिवशी सकाळी वारली.